‘हाथ उठ गया’ : या वाक्यातला कर्ता कोण?

गेल्या वर्षी सोयाबीनची मळणी आटोपत आली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. इशाची नमाज पढून मस्जिदीबाहेर पडलो तर चपलांपाशी एक तरुण उभा. चेहरा ओळखीचा वाटला. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, अक्षर सुंदर असलेला मुलगा. आता स्वतःचे दुकान, लग्न झालेले, एक मुलगी. ‘सर, दोन मिनिटं’ म्हणाला आणि रस्त्यावरचा दिवा चुकवून भिंतीच्या सावलीत गेला.

‘सर, घर में हाथ उठ गया. तीसरी बार.’ बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती.

आम्ही जे सगळे करतात तेच केले. विचारले, ‘झालं काय होतं?’ त्याने कारणे सांगितली. उधारी वसूल होत नव्हती, तिने उलट उत्तर दिले, सासरच्यांचा फोन आला, जेवण वेळेवर नव्हते. आम्ही मान हलवत ऐकले आणि सल्ला दिला, ‘जा, माफी माग, घेऊन ये.’ त्यावर तो म्हणाला, ‘मागच्या दोन्ही वेळा तेच केलं, सर. ताप आला तर डॉक्टर आहे, दात दुखला तर डॉक्टर आहे. याच्यासाठी कुठं जायचं, ते सांगा ना.’

आमच्याजवळ उत्तर नव्हते. बावीस वर्षे शिकवतो आहोत, मोहल्ल्यातल्या दहा भांडणांत ‘समझाने’ म्हणून बसलो आहोत, पण मारणाऱ्या नवऱ्याने स्वतःहून मदत मागितली तर त्याला पाठवायचे कुठे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुढचे काही महिने शोधण्यात गेले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहोत. वाचकांत असा एखादा घरधनी असेल, किंवा त्याचा भाऊ, मेहुणा, दोस्त असेल, तर त्याला उपयोग होईल.

मालेगाव म्हटले की बाहेरच्यांना नाशिककडचे मालेगाव आठवते. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अकोल्याहून पातूर-मेडशीचा घाट चढून येणारा रस्ता आणि नागपूरहून औरंगाबादकडे जाणारा जुना रस्ता येथे भेटतात. गाव लहान. येथे कोणी कोणत्या पायऱ्या चढला हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कळते. म्हणून तर तो पोरगा दिव्याखाली उभा राहिला नाही.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे असेल, पण त्या रात्री घरी आल्यावर त्याचे पहिले वाक्य डोक्यातून जाईना. ‘हाथ उठ गया.’ व्याकरणाच्या दृष्टीने पाहा. क्रियापद अकर्मक, कर्ता ‘हाथ’. मारणारा वाक्यात कुठेच नाही आणि जिला लागले तीही नाही. जणू वीज पडली, झाड कोसळले, तसा हात उठला. मराठीतही आपण असेच बोलतो. ‘हातून घडलं’, ‘राग अनावर झाला’, ‘तोल गेला’. ‘मी तिला मारलं’ असे तीन शब्दांचे सरळ सकर्मक वाक्य आम्ही आजवर कोणत्याही बैठकीत नवऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. उलट बायकोच्या वाट्याचे वाक्य मात्र नेहमी सकर्मक असते : ‘तिने मला चिडवलं.’ तेथे कर्ता ठळकपणे हजर.

पुढे जे वाचले, विचारले, त्यात कळले की मारणाऱ्या पुरुषांसोबत काम करणारे लोक जगभर पहिली मेहनत याच वाक्यावर घेतात. अमेरिकेतील बोस्टन शहरात 1977 साली ‘इमर्ज’ नावाचा गट सुरू झाला. मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठीच चालवलेला तो तिथला पहिला कार्यक्रम मानला जातो. त्यानंतर काही वर्षांतच मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावी पोलीस, न्यायालय आणि पुरुषांचे गट यांना जोडणारी पद्धत उभी राहिली आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. नॉर्वेत ऑस्लो येथे 1987 पासून अशा पुरुषांसाठी उपचार केंद्र आहे. या सर्वांच्या अनुभवात एक समान धागा आहे. मारणारा माणूस रागाचा रोगी असतोच असे नाही. तोच माणूस बँकेच्या साहेबापुढे, पोलिसापुढे, देणेकऱ्यापुढे कितीही संतापला तरी हात खाली ठेवतो. म्हणजे हात खाली ठेवता येतो. तो कोठे उचलायचा याची निवड तो करत असतो, भले त्याला ती निवड वाटत नसेल. म्हणून ‘राग कसा आवरावा’ एवढे शिकवून भागत नाही. ‘घरात माझेच चालले पाहिजे’ हा समज उलगडावा लागतो. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की या कार्यक्रमांच्या यशाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. काही पुरुष बदलतात, काही अर्ध्यात सोडतात, आणि काही फक्त गोड बोलायला शिकतात.

आपल्या महाराष्ट्रात काय आहे? 1991 साली मुंबईत पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली होती. बायको ही मारण्याची वस्तू नाही असे मानणारे पुरुष हवेत, अशा आशयाची. 205 पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून 1993 मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’ म्हणजे ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी. पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलायचे, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. ‘पुरुष स्पंदनं’ हा त्यांचा वार्षिक अंक पुरुषांच्याच मनाचा धांडोळा घेतो. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचानेही पुरुषांना बोलते करण्यासाठी ‘पुरुष संवाद केंद्र’ चालवले. स्त्रियांसाठी झगडणाऱ्या संस्थेला हे दार उघडावे लागले, कारण पीडित बाईला कितीही आधार दिला तरी घरी परत जाताना तिच्यासमोर तोच माणूस असतो.

आणखी एक जुनी व्यवस्था आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. जागा पोलिसांची, पण बसणारे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते. आता असे कक्ष राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बाई तेथे गेली की आधी तिचे एकटीचे ऐकतात. मग तिची इच्छा असेल तर नवऱ्याला बोलावतात. पोलिसांच्या आवारात बोलावणे आले की माणूस येतो, हे त्यामागचे साधे शहाणपण. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राचे नाव तर आपल्या उर्दूतलेच. तेथे जखमेवर पट्टी बांधायला आलेल्या बाईला ‘पडलात की पाडलं?’ हे विचारणारे माणूस प्रथमच भेटू लागले.

कायद्यातही एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा 2005 चा, तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. धर्म कोणताही असो, तो सर्व स्त्रियांना लागू आहे. त्याच्या कलम 14 प्रमाणे दंडाधिकारी नवऱ्याला किंवा बायकोला, एकेकट्याला किंवा दोघांना मिळून, समुपदेशन घ्यायला सांगू शकतात, आणि पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत ठेवावी लागते. या कायद्याच्या 2006 च्या नियमांत एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. समुपदेशनात नवऱ्याला आपल्या कृत्याचे समर्थन मांडता येत नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचे असते. म्हणजे ‘झालं काय होतं?’ हा आमचा त्या रात्रीचा पहिला प्रश्नच चुकला होता! आम्ही त्याला कर्तेपद लपवायला जागा करून दिली होती.

केंद्र सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीचे (2019-21) आकडे सांगतात की देशात लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 29 टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण चौघींत एक असे आहे. आपल्या समाजाचा यात वेगळा हिशेब काढायचे कारण नाही. आपल्याकडे नाही, असे म्हणणाऱ्याने आपल्या गल्लीतली दहा घरे मोजावीत.

आता दीनचा प्रश्न, कारण तो बैठकीत हमखास येतो. कोणीतरी सूरह निसाच्या 34 व्या आयतीचा आधार काढतो आणि लगेच पुढची, 35 वी आयत विसरतो. त्यात दोघांच्या घरातून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितले आहे. आलिमांची चर्चा आलिमांनी करावी, आम्ही शिक्षक आहोत. पण हजरत आयेशा (र.) यांनी सांगितले आहे की रसूलुल्लाह (स.) यांनी आपल्या हाताने कधी कोणत्या स्त्रीला किंवा सेवकाला मारले नाही. हे सहीह मुस्लिममध्ये आहे आणि त्यावर वाद नाही. त्याच ग्रंथातली फातिमा बिन्त कैस (र.) यांची हकिगत पाहा. त्यांना लग्नाचे पैगाम आले तेव्हा त्यांनी हुजूरांचा सल्ला विचारला. अबू जहम यांच्याबद्दल त्यांना सावध केले गेले. त्यांची काठी खांद्यावरून उतरत नाही, अशा अर्थाचे ते बोल होते, आणि दुसऱ्या रिवायतीत ते स्त्रियांना मारतात असे स्पष्टच आहे. म्हणजे मारणारा हा त्याचा दोष नाते जुळवताना सांगण्याजोगा ठरला, झाकण्याजोगा नाही. आणि अबू दाऊदमध्ये हबीबा बिन्त सहल (र.) यांची रिवायत आहे. नवऱ्याने इतके मारले की काहीतरी मोडले. त्या पहाटेच्या नमाजनंतर दारात आल्या. त्यांना सब्र सांगून परत पाठवले गेले नाही. नवऱ्याला बोलावून, मेहरमध्ये दिलेल्या दोन बागा परत घे आणि वेगळा हो, असा फैसला झाला.

आपल्या पंचांनी यातले नेमके उलटे शिकून ठेवले आहे. सब्र तिला आणि सवलत त्याला. तौबाविषयी जुम्म्याला आपण ऐकतोच : पश्चात्ताप हवा, ते काम सोडले पाहिजे, पुन्हा न करण्याचा निश्चय पाहिजे. पण बंद्याचा हक्क मारला असेल तर अल्लाहची माफी मागून भागत नाही, ज्याचा हक्क त्याच्याकडे जावे लागते. आणि तिने माफ करावेच, अशी सक्ती करण्याचा अधिकार कोणाला नाही. माफी मागणे त्याच्या हाती, देणे तिच्या.

येथे आम्हाला स्वतःबद्दल लिहिणे भाग आहे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा वर्गात छडी होती. आम्ही ती वापरली, भरपूर वापरली. त्या पोराच्या तळहातावरही वापरली असेल, आठवत नाही. त्याला मात्र आठवत असेल, विचारायचे धाडस झाले नाही. तेव्हा आमचेही वाक्य तेच होते, ‘पोरं ऐकत नाहीत म्हणून हात उठतो.’ शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. आम्ही आधी चिडलो. शिक्षकांच्या खोलीत ‘आता शाळा कशी चालणार?’ यावर आठवडाभर चर्चा झाली. मग छडी कपाटात गेली. पण हात लगेच थांबला नाही. वर्षभर तो मधेच खडू फेकायचा, कान पकडायचा. थांबला तो कसा, याचा विचार आता करतो तेव्हा वाटते, दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे नोकरी जाण्याची भीती, ती खोटी सांगण्यात अर्थ नाही. दुसरी, आवाज चढायच्या आधी आपण खुर्चीवरून उठतो, टेबलाच्या पुढे येतो, हे आमच्या लक्षात येऊ लागले. उठलो की खिडकीकडे जायचे ठरवले. चाळीस पोरांपुढे तोंड खिडकीकडे करून उभे राहणे हास्यास्पद दिसते, पण त्या अर्ध्या मिनिटात हात खिशात जातो. भीती आणि सवय, दोन्ही लागल्या. नुसत्या पश्चात्तापाने काही झाले नव्हते.

तो आता दर पंधरा दिवसांनी अकोल्याला एका समुपदेशकाकडे जातो. त्याने परवानगी दिली तेवढेच सांगतो. पहिल्या दिवशी त्याला ‘का मारलं’ विचारले नाही. ‘काय केलंत, ते कॅमेऱ्यात दिसलं असतं तसं सांगा’ म्हणाले. दोन वाक्यांत तो अडखळला. मुलगी त्या वेळी कोठे उभी होती, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि घाटातून परतताना एसटीत त्याला तेवढेच आठवत राहिले. पुढच्या खेपेला हात उचलण्याच्या आधीच्या एका तासाचे टिपण लिहायला लावले. त्यातून दिसले की तो दरवेळी आधी दारात येऊन उभा राहायचा. ती बाहेर जाऊ नये म्हणून. हात नंतर. म्हणजे हिंसा थपडेपासून सुरू झालीच नव्हती, दार अडवण्यापासून सुरू झाली होती. तिचा फोन तपासणे, घरखर्च रोखून धरणे, माहेरी जाऊ न देणे, तलाकची धमकी देणे, हेही त्याच यादीत आले.

त्याला मिळालेल्या सूचना साध्या आहेत. दात आवळले गेले, दाराकडे पाय वळला, की घर सोडायचे. पण हे तिला शांत वेळी आधीच सांगून ठेवायचे, नाहीतर रागाने निघून जाणे हीसुद्धा धमकीच. गाडी घ्यायची नाही, पायी जायचे. तासाभराने परत यायचे आणि त्या रात्री तो विषय काढायचा नाही. मात्र हे तिचे तोंड बंद करण्याचे हत्यार होऊ द्यायचे नाही, दुसऱ्या दिवशी तिचे ऐकायचेच. ती माहेरी आहे तोवर खर्चाचे पैसे महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात, कोणतीही अट न घालता. न विचारता सासरच्या दारात जायचे नाही. आणि समुपदेशक तिच्याशी वेगळे बोलतील, ती काय बोलली ते त्याला सांगणार नाहीत.

दारूबद्दलही लिहायला हवे. आपल्यात दारू नसते असे म्हणण्याची पद्धत आहे. असते ती चोरून असते, एवढाच फरक. पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे 1986 पासून काम करत आहेत आणि व्यसन असेल तर उपचार घ्यावाच. पण बाटली सुटली की हातही सुटेल असे धरून चालू नये. हा पोरगा चहाशिवाय काही पीत नाही.

आता पत्ता. संकटात असलेल्या स्त्रीसाठी 181 आणि 112 हे क्रमांक आहेत. तालुक्याला महिला व बालविकास खात्याचा संरक्षण अधिकारी असतो, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100 आहे. पुरुषाने स्वतःहून जायचे तर दारे कमी आहेत, हे खेदाने लिहितो. बहुतेक ठिकाणी त्याला बोलावले जाते ते तिच्या तक्रारीनंतर. तरी 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. आमच्या पोराने पहिला फोन तेथेच केला, शेताच्या बांधावरून. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मदत मिळते, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना ‘मी घरात मारतो, ते थांबवायचं आहे’ एवढे सांगता आले की पुरे. कोणाला ते जड जात असेल तर कागदावर लिहून न्यावे. आणि ती गरोदर असेल, गळा दाबला गेला असेल, जिवे मारण्याची धमकी असेल, तर समुपदेशनाची वाट पाहायची नाही. तेथे पोलीस.

आमच्या बेगम त्याच्या बायकोला भेटून आल्या. आम्हीही येऊ का, असे विचारले होते. तिचा निरोप आला : ‘सर को बोलो, मेरे को समझाने मत आना. चार साल से सब मेरे को ही समझा रहे हैं.’ बेगम तिच्याकडे दोन तास बसल्या, काहीही न समजावता. तिने एकच गोष्ट विचारली म्हणे. तो आता लोकांत काय सांगतो, ‘झगडा हुआ’ सांगतो की ‘मारा’ सांगतो?

हा प्रश्न आम्ही त्याला पोहोचवला. त्याने लगेच उत्तर दिले नाही. पुढच्या जुम्म्याला भेटला तेव्हा म्हणाला की अब्बांना आणि थोरल्या भावाला सांगितले आहे, ‘मैंने मारा’ असेच सांगितले आहे. अब्बा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. भाऊ म्हणाला, ‘इतनी सी बात के लिए अकोला?’

तिने अजून काही ठरवलेले नाही. मुलीचे नाव माहेरच्या अंगणवाडीत घातले आहे, शिलाई मशीन मागवून घेतली आहे. रमजाननंतर पाहू, असे म्हणाली होती. रमजान होऊन गेला. पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला जातात.